पिस्टनवरचा ठिपका

भंडाऱ्यात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे भक्त आम्ही चारच. पाचवा होता, पण त्याने बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि तेव्हापासून त्याचं नाव निघालं की आम्ही दोन मिनिटं गप्प बसतो.

दर रविवारी सकाळी माझ्या गोदामात मंडळ भरतं. माझा धंदा मांडवाचा. बांबू, कनाती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भोंगे, आणि या सगळ्यांच्या मधे उघड्या पोटानं पडलेली एखादी गाडी. लग्नघरी द्यायच्या गाद्यांना पेट्रोलचा वास येतो अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. ती खरी आहे. एका नवरदेवाने तर विचारलं होतं, "भाऊ, मांडवात बसलो का पंपावर?"

मंडळातले दुसरे सभासद म्हणजे गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवतात. तिसरा करडीकडचा भातगिरणीवाला. या दोघांचं एकमेकांशी कशावरही पटत नाही, आणि पटू नये म्हणून दोघंही मेहनत घेतात. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं यावर त्यांचा वाद सुरू होऊन आता इतकी वर्षं झाली की मूळ वाद कोणी काढला यावर स्वतंत्र वाद आहे.

"गुरुजी, तुमची गाडी जाते का अगरबत्ती फिरवून राहिले?" गिरणीवाला विचारतो.

"धूर दिसते म्हणजे इंजिन जिवंत आहे. तुझ्या गाडीत ऑइल नाही, तुझ्यासारखी कोरडी."

असं चालतं. आमच्या या गाड्यांचा गुण असा की त्या घरी दुरुस्त होतात. दोष असा की त्या घरीच दुरुस्त होतात. त्यांचं काम जाणणारे मिस्त्री एक तर म्हातारे झाले, नाही तर मोबाइलची दुकानं टाकून बसले. म्हणून आम्हीच पॉइंट घासतो, आम्हीच सायलेन्सर गोवऱ्यांच्या आगीत भाजून त्यातली काजळी झाडतो, आणि इंजिनाचं पॅकिंग लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापतो. माझ्याकडे पत्रिकांना तोटा नाही. एका गाडीच्या इंजिनात माझ्या अंदाजाने तीन लग्नं आणि एक साक्षगंध आहे.

आमचा चौथा सभासद मासोळीवाला. त्याच्याविषयी जरा थांबून सांगावं लागेल.

त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता तो पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो, जिथं सगळी घरं सारखी आणि सगळे रस्ते सरळ, त्यामुळे पाहुणे हमखास चुकतात. धरणाची, तलावांची मासोळी घेऊन तो कारध्याच्या पुलापलीकडच्या गावांतून फेरी करायचा. त्याचा बापही तेच करायचा, त्याच गाडीवर. बाप गेला, गाव गेलं, गाडी राहिली.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गेला म्हणजे अगदीच नाही, ओठांतून वारा निघतो आणि जवळ कान नेला तर त्या वाऱ्यात शब्द सापडतात. आता मला सांगा, फेरीवाल्या माणसाचा आवाज गेला तर त्याने करावं काय? गावात शिरून "मासोळीऽऽ" अशी हाळी देणार कोण?

त्याची गाडी देत होती! हे नाटक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गावाच्या वेशीवर तो गाडी एका विशिष्ट लयीत रेझ करायचा. टण-टण-टण-टणाण, मग थोडं थांबून पुन्हा टणाण. बायका हातातलं काम सोडून गंज-पातेली घेऊन दारात यायच्या. कुणाला हाक नाही, कुणाला विचारणं नाही. त्या बाया बापाच्या वेळेपासून तो आवाज ओळखत होत्या. आमच्या तिघांच्या गाड्या हौसेच्या. त्याची गाडी म्हणजे त्याचा गळा.

आणि आषाढात तो गळाही बसला. पिस्टन गेला.

सिलिंडर आधीच इतक्या वेळा बोर करून मोठा केलेला की आता आत घासायला लोखंडच उरलं नव्हतं. या मापाचा पिस्टन एकच माणूस करत होता, नागपूरच्या भंगारबाजारातला एक कारागीर. मासोळीवाल्याने जुना पिस्टन नमुन्याला दिला. श्रावणभर तसंही आमच्याकडे कोणी मासोळी खात नाही, म्हणून तो शांत होता. नवा पिस्टन हातात आला तो थेट पोळ्याच्या सकाळी, आणि जुना पिस्टन कारागिराने ठेवून घेतला होता.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभर तोंड बांधून बसलेली घरं त्या दिवशी तोंड सोडतात. मासोळीवाल्यासाठी वर्षातला तो सर्वांत मोठा दिवस. त्यातून त्याच्या कानावर आलं होतं की कोणी नवा पोरगा भोंगा लावलेली गाडी घेऊन त्याच्या गावांतून हिंडायला लागला आहे. कर चुकली असती तर गावं त्या भोंग्याची झाली असती. तेव्हा त्याच दिवशी गाडी उभी करणं भाग होतं.

मी पोळ्याच्या तोरणाचे बांबू मैदानावर पोचवून गोदामात आलो तेव्हा तिघं पिस्टनभोवती बसले होते, तोंडं उतरलेली.

अडचण अशी. पिस्टन गोल असला तरी त्याला पुढची आणि मागची बाजू असते. बरोबर बसला तर ठीक. उलटा बसला तर त्याच्या रिंगचं टोक सिलिंडरच्या आतल्या खिडकीत अडकतं, मोडतं, आणि सिलिंडर आतून ओरबाडून काढतं. कंपनीच्या पिस्टनवर त्यासाठी बाण असतो, तो सायलेन्सरकडे करायचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या अंगाला. या कारागिराच्या पिस्टनवर बाण नव्हता. एका कडेला नुसता एक ठिपका मारलेला होता.

"ठिपका म्हणजेच बाण," गिरणीवाला म्हणाला. "पुढं करा नं ठोका."

"बाण म्हणजे बाण. ठिपका म्हणजे ठिपका," गुरुजी म्हणाले. "ठिपका मागं. कार्बोरेटरकडं."

"कायच्यावरून?"

"तू पुढं म्हणून राहिला त्याच्यावरून."

कारागिराला फोन लावला. पोळ्याच्या दिवशी कोण उचलतो! सगळ्यांनी लावून पाहिला. मग पिस्टन प्रत्येकाने हातात घेऊन उजेडात धरला, डोळे बारीक केले, आणि दुसऱ्याकडे दिला, जणू बाळाचं नाक कुणासारखं ते ठरवायचं होतं.

आता एखाद्या शहाण्या मंडळाने काय केलं असतं? एक दिवस थांबलं असतं. मासोळी माझ्या टेम्पोत घालून कर साजरी केली असती आणि दुसऱ्या दिवशी कारागिराला विचारलं असतं. पण आम्ही टू-स्ट्रोकवाले. आमच्यासमोर वाद होता, चहा होता, पाने होते.

तेवढ्यात मासोळीवाल्याने माझी बाही ओढली. मी कान नेला.

"बाबानं असाच पिस्टन टाकला होता," तो कुजबुजला. "त्याच कारागिराच्या बापाचा. ठिपक्याचाच. मी पाहिला हाय."

"कधी?"

"माह्या लग्नाच्या टायमाले. गावात. अंगणात."

मी ही बातमी मोठ्याने जाहीर केली. गिरणीवाला उठून उभाच राहिला. "अबे मग सांग ना! ठिपका कुठी होता?"

"विहिरीकडं."

आता झाली का पंचाईत? ठिपका विहिरीकडे होता हे त्याला पक्कं आठवत होतं. बाप पिस्टन बसवत होता, हळदीच्या अंगाने तो शेजारी उभा होता, बापाने बजावलं होतं, "नवरदेवा, हात नोको लावू, पिवळा होईल." समोर विहीर आणि ठिपका विहिरीकडे. पण गाडीचं तोंड तेव्हा कुठल्या बाजूला होतं? आणि ते तपासायला जावं कुठे? ती विहीर, ते अंगण, सगळं आज पाण्याखाली. वर जाळी टाकून लोक मासोळी धरतात.

"गाव उभं करू," मी म्हणालो. मांडववाल्याला दुसरं काय सुचणार?

आणि आम्ही गाव उभं केलं. गोदामाच्या मधोमध गाडी. एका अंगाला रिकामा ड्रम, ती विहीर. दुसऱ्या अंगाला खुर्च्यांची उतरंड, ते घर. बिछायतीचा ढीग म्हणजे बैलांचा कोठा. गुरुजींना चिंचेचं झाड केलं, कारण ते एका जागी उभे राहायला तयार होते. मी बाप झालो. पंचा डोक्याला गुंडाळून इंजिनासमोर असा उकिडवा बसलो, असा खाकरलो की मासोळीवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तो हिंडायला लागला. आम्हाला हवं होतं फक्त अंगण, पण तो अंगणात थांबेना. खुर्ची उचलून पलीकडे ठेवली, हे मोठ्या भावाचं घर. आणखी एक, हे देऊळ. मग आणखी. इथं घाट. इथं होड्या उलट्या घालून डांबर लावायचे. इथं एक म्हातारी बसायची, कुणाचीच नव्हती, सगळे तिला भाकर द्यायचे. आम्ही खुर्च्या पुरवत गेलो. त्याचा आवाज नाही, खुर्च्या फरशीवर घासल्याचाच आवाज. गोदाम भरलं. शटरपर्यंत गाव गेलं. शेवटी तो मधे उभा राहिला आणि चारी बाजूंना पाहत राहिला. गिरणीवाल्याने चप्पल काढली होती. कशासाठी, त्यालाच ठाऊक.

"गाडी," मी हळूच म्हणालो. "गाडीचं तोंड?"

त्याने क्षणही घेतला नाही. ड्रमकडे बोट केलं. बाबा नेहमी गाडी विहिरीकडे तोंड करून लावायचा, तो म्हणाला, सकाळी किक मारली की सरळ बाहेर.

ठिपका विहिरीकडे, तोंडही विहिरीकडे. म्हणजे ठिपका पुढे. रीतीप्रमाणे मतदान घेतलं. तीन विरुद्ध एक. गुरुजींनी चिंचेच्या जागेवरून विरोध नोंदवला, पण कारण विचारल्यावर ते म्हणाले, "गिरणीचं नं माझं मत एक होऊ शकत नाही." पिस्टन बसला.

तिसऱ्या किकला गाडी बोलली! काय सांगू तुम्हाला. टण-टण-टण-टणाण, निळा धूर, बांबूंवरची धूळ उडाली, पलीकडच्या घरातलं पोर रडायला लागलं. मासोळीवाल्याने ती त्याच्या लयीत रेझ केली आणि तोंड उघडून हसला. हसण्याचाही आवाज नव्हता. गाडी हसत होती त्याच्या वतीने. आम्ही मंडळाच्या खर्चाने पेढे आणले. गिरणीवाल्याने गुरुजींना पेढा देताना विचारलं, "चिंचेले पेढा चालते ना जी?"

दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, मला त्याचा फोन आला. त्याचा फोन म्हणजे नुसता वारा. एरवी मी मागच्या गाडीच्या आवाजावरून समजतो तो कुठे आहे. या वेळी मागे काहीच नव्हतं. चिमण्या होत्या.

आम्ही तिघं टेम्पो घेऊन निघालो. कारध्याचा पूल ओलांडून पुढे, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर तो गाडीच्या बाजूला बसला होता. पहिल्या गावाची वेस दिसत होती. तिथवरही पोचली नव्हती गाडी. मागच्या पेटीत बर्फावर मासोळी, खाली पाण्याचा थेंब-थेंब.

रस्त्याच्या कडेलाच आम्ही इंजिनाचं डोकं उघडलं. रिंगचे तुकडे झाले होते. सिलिंडरला आतून वरपासून खालपर्यंत चर पडले होते, नख अडकेल असे. बोर करायला लोखंड नाही. दुसरा सिलिंडर मिळत नाही, हे आम्हाला माहीत होतं. आमच्या सगळ्या रविवारांचं ज्ञान तेवढ्यासाठी पुरेसं होतं.

"मी मागं म्हणलो होतो," गुरुजी म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यात जिंकल्याची चव नव्हती. गिरणीवाला रिंगचे तुकडे वेचत राहिला.

गाडी टेम्पोत घातली आणि आधी त्याच्या घरी गेलो, ती उतरवायला. त्याची बायको बाहेर आली. नवऱ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि आमच्याकडे पाहायचं टाळलं. मीच भडाभडा सगळं सांगितलं, ठिपका, विहीर, गाडीचं तोंड.

"विहिरीकडं?" ती म्हणाली. "लग्नाच्या टायमाले गाडी विहिरीकडं कायची? अंगणात मांडव होता ना. तिकडून निघालेच जागा नोहोती. मामंजीनं उलटी लावली होती, घराकडं तोंड करून. मी पयल्यांदा घरात शिरली तं तिचा हँडल लागला मले. हे पाहा, अजून वण हाय."

तिने कोपर दाखवलं. वण होता. गाडी उलटी, म्हणजे ठिपका मागे.

मांडव! चार माणसं, त्यातला एक नवरदेव आणि एक जन्माचा मांडववाला, सगळं गाव उभं केलं, देऊळ उभं केलं, म्हातारी बसवली, आणि लग्नघरच्या अंगणात मांडव घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतर कुठल्या दिवशी मी यावर पोट धरून हसलो असतो. मासोळीवाला खाली बसला. तो मोडलेल्या इंजिनाकडे पाहत नव्हता. तो आपल्या बायकोच्या कोपराकडे पाहत होता, जणू काल त्याने जे गाव पाहिलं ते आता कितपत खरं धरावं हे त्याला कळेनासं झालं होतं.

पण मासोळी होती आणि बर्फ सुटत होता. "चला," मी म्हणालो. "आवाज माह्याकडं हाय ना! भोंगे हायत, माईक हाय. गावं हलवून सोडतो."

मासोळीची पेटी टेम्पोत, मी माईकवर, गिरणीवाला गाडी चालवायला, गुरुजी मागे पेटी सांभाळायला, आणि मासोळीवाला माझ्या शेजारी. पहिल्या गावात मी असा काही सुरू झालो की झाडावरचे कावळे उठले. "मासोळी आली होऽऽ! करीची मासोळी, धरणाची मासोळी, तुमच्या जुन्या माणसाची मासोळीऽऽ!" दंडारीच्या खेळात राजा झालो होतो तेव्हा इतका घसा लावला नव्हता.

कुत्री आली. पोरं आली. एक म्हातारा काठी टेकत आला आणि टेम्पोवरची माझी पाटी वाचून म्हणाला, "मांडव कोनाकडं हाय जी? करीच्या दिवशी लगन?" दुसऱ्या गावात एकाने विचारलं, कुठल्या पक्षाचे. मी आणखी जोरात ओरडलो. मासोळीवाल्याने माझ्या मांडीवर हात ठेवला, म्हणजे हळू. मी हळू झालो नाही. हळू झालो असतो तर त्या गल्ल्यांमधली शांतता ऐकू आली असती. दारं उघडी होती, चुली पेटलेल्या होत्या, रश्श्याचा वास येत होता. प्रत्येक घरात मासोळी शिजत होती. कुणाची, ते वासावरून कळत नाही.

तिसऱ्या गावात एक बाई दारात आली. वयस्क, पदर खोचलेला, हाताला मसाला. तिने माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि मग माझ्या शेजारी तिची नजर गेली.

"अगा माय! तू हाय का?" ती पुढे आली. "आमी म्हनलं गेला बिचारा! गळ्याचं झालं होतं ना तुह्या. मंग गाडीचा आवाजच नाही आला कई. वाट पायली आमी. मंग म्हनलं, गेला असन."

तो हसला. मान हलवली, नाही म्हणून.

"आता घेतली ना मी," ती म्हणाली, आणि मसाल्याचा हात उगाच मागे नेला. "तो भोंगेवाला आला होता सकारीच. साऱ्याइनंच घेतली. तू येशीन असं कोनाले वाटते?"

त्याचे ओठ हलले. तिला ऐकू गेलं नाही. मी माईक बंद केला.

"विचारून राहिला," मी सांगितलं, "कोणती घेतली म्हणून."

"मरळ."

पुन्हा ओठ हलले.

"ताजी होती का म्हणते."

"होती ना. जित्तीच होती," ती म्हणाली.

त्याने समाधानाने मान हलवली, मागे वळून गुरुजींना पेटीचं झाकण लावायची खूण केली. गिरणीवाल्याने विचारलं, "समोरच्या गावात जाऊ?" मासोळीवाल्याने वसाहतीच्या दिशेला बोट दाखवलं. आम्ही टेम्पो वळवला.